गाणें कोणाच्या मालकीचें?

पॅरिस शहरांत १८४७ सालीं घडलेली एक गोष्ट आहे. 'आंबासादर' नांवाच्या उपाहारगृहांत त्या काळच्या रीतीप्रमाणें गिऱ्हाइकांच्या करमणुकीसाठीं गायनवादन चाललें होतें. एर्नेस्त बूर्झे नांवाचे एक गीतकार तेथें येऊन बसले होते. निघतांना नोकरानें पैसे मागितले, तेव्हां बूर्झे यांनीं ते देण्याचें साफ नाकारलें. त्यांचें म्हणणें असें कीं, येथें चाललेलीं गाणीं माझीं आहेत. त्यांवर तुमचा धंदा चालतो आणि त्यांबद्दल तुम्ही मला एक पैही देत नाहीं. तर मग तुमच्या पेयाचे पैसे मीं कां द्यावे? वाद न्यायालयांत गेला आणि निकाल गीतकाराच्या बाजूनें लागला. त्या निकालांतूनच १८५१ सालीं 'सासेम' ही गीतकार, संगीतकार व प्रकाशक यांची संस्था जन्माला आली. गाणें जेथें जेथें वाजेल तेथून कर्त्याचा वांटा गोळा करण्याचें काम ती संस्था आजतागायत करीत आहे.

श्रोते हो, ही गोष्ट आरंभींच सांगण्याचें कारण आहे. गेल्या पंचवीस वर्षांत संगणकावरून गाण्यांची जी देवाणघेवाण सुरू झाली आणि जिच्यावरून जगभर खटले व आरोप-प्रत्यारोप झाले, तिच्याविषयींचा वाद अगदीं नवा आहे असा पुष्कळांचा समज आहे. एका पक्षाच्या मतें ती उघड चोरी. दुसऱ्या पक्षाच्या मतें ती विद्येची मोकळी वांटणी. वस्तुतः हा वाद निदान पावणेदोनशें वर्षांचा जुना आहे. मध्यंतरीं यंत्रें बदललीं, कायदे बदलले, परंतु बूर्झे यांनीं नोकराला विचारलेला प्रश्न कायम राहिला. त्या प्रश्नाचा प्रवास आज आपल्यापुढें मांडावा असा विचार आहे.

प्रथम अडचण कोठें आहे तें पाहिलें पाहिजे. माझी छत्री कोणी नेली तर माझ्यापाशीं छत्री राहत नाहीं. गाण्याचें तसें नाहीं. माझें गाणें दुसऱ्यानें उचललें तरी तें माझ्यापाशीं होतें तसेंच राहतें. विद्या दिल्यानें वाढते असें आपण लहानपणापासून घोकीत आलों, तें गाण्याला पुरेपूर लागू पडतें. म्हणून गाणें उतरून घेणाऱ्याच्या मनाला चोरीची टोंचणी लागत नाहीं. पण गाणें वाढलें म्हणून गाणाऱ्याचें पोट भरतेंच असें नाहीं. शिकण्यांत गेलेलीं वर्षें, रचण्यांत गेलेल्या रात्री, साथीदारांचा मेहनताना, हा सारा खर्च कोठून तरी निघावा लागतो. या दोन्ही गोष्टी एकाच वेळीं खऱ्या आहेत, आणि वादाचें मूळ तेथेंच आहे.

आपल्याकडे या प्रश्नाला कायद्याचें रूप उशिरां आलें. पण प्रश्न नव्हता असें मात्र नाहीं. घराण्यांचे उस्ताद आपल्या अस्सल चिजा कशा जपून ठेवीत, याच्या कथा गाण्याचा शौक असलेल्या प्रत्येक घरांत सांगितल्या जातात. बाहेरच्या शिष्याला अस्ताई मिळाली तर अंतरा मिळत नसे. मुलीच्या लग्नांत जांवयाला हुंडा म्हणून चिजा दिल्याच्याही गोष्टी आहेत. आज आपण या वृत्तीला कोतेपणा म्हणतों. पण त्या उस्तादांच्या जागीं उभें राहून पाहिलें तर निराळें दिसेल. शेतजमीन नाहीं, दुकान नाहीं. चीज हेंच भांडवल. ती दुसऱ्याच्या गळ्यांत गेली कीं दरबारांतील आपली जागाही जाईल ही धास्ती. रक्षणाला कायदा नव्हता, म्हणून मौन हेंच त्यांचें कुलूप होतें.

हें कुलूप उघडण्याचें मोठें काम मुंबईच्या एका वकिलानें केलें हा योगायोग लक्षांत ठेवण्यासारखा आहे. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनीं देशभर हिंडून उस्तादांकडून चिजा मिळविल्या, त्यांचें स्वरलेखन केलें आणि 'क्रमिक पुस्तक मालिके'च्या सहा भागांत त्या शेंकड्यांनीं छापून काढल्या. ज्या चिजेसाठीं शिष्यानें वर्षानुवर्षें गुरुगृहीं पाणी भरावें, ती आतां कोणाही विद्यार्थ्याला पुस्तकांत वाचतां येऊं लागली. पंडितजींचे हे उपकार केवळ शब्दांनीं फिटण्यासारखे नाहींत. परंतु परंपरागत चिजेला कायद्याच्या दृष्टीनें कोणी मालकच नव्हता. त्यामुळें ज्या कुटुंबांनीं ती ठेव पिढ्यानपिढ्या सांभाळली त्यांना तिच्यावर हक्क सांगण्यास जागा उरली नाहीं. विद्येचा लाभ सर्वांना झाला आणि तिची किंमत मोजण्याचा प्रश्न तसाच राहिला.

युरोपांत कुलपाचें काम छापखान्यामुळें कायद्याकडे आलें. इंग्लंडांत राणी ॲन हिच्या कारकीर्दीत १७१० सालीं अंमलांत आलेल्या कायद्यानें नव्या पुस्तकावर कर्त्याला १४ वर्षें आणि तो हयात असल्यास आणखी १४ वर्षें हक्क दिला. मुदत संपली कीं पुस्तक सर्वांचें. म्हणजे हा हक्क घरादारासारखा कायमचा नव्हता. समाजानें कर्त्याशीं केलेला तो एक करार होता. संगीताच्या छापील प्रती या कायद्यांत येतात कीं नाहीं, याविषयींचा संशय १७७७ सालीं फिटला. सुप्रसिद्ध बाख यांचे पुत्र योहान क्रिस्टियन बाख त्या वेळीं लंडनमध्यें राहत असत. त्यांच्या रचना परवानगीवांचून छापल्या गेल्या म्हणून त्यांनीं दावा केला, आणि लॉर्ड मॅन्सफील्ड यांनीं संगीताचें लेखन हेंही लेखनच होय असा निर्णय दिला.

येथपर्यंत सारें सुरळीत होतें, कारण प्रत ही डोळ्यांना दिसणारी वस्तु होती. खरी परीक्षा पुढें आली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आपोआप वाजणारा पियानो निघाला. कागदाच्या लांब गुंडाळीवर ठराविक जागीं भोंकें पाडलेलीं असत. गुंडाळी यंत्रांत घालून पाय चालविले कीं त्या भोंकांतून हवा खेळे आणि पट्ट्या आपोआप खालीं-वर होत. वाजविणाऱ्याला संगीताचा गंधही नसला तरी चाले. १९०२ सालीं अमेरिकेंत अशीं ७० ते ७५ हजार वाद्यें वापरांत होतीं आणि त्या एका वर्षांत १० ते १५ लाख गुंडाळ्या तयार झाल्या. या लाखों गुंडाळ्यांवर ज्यांच्या रचना होत्या त्यांना त्यांबद्दल एक कवडीही देण्याचें बंधन कारखानदारांवर नव्हतें.

व्हाइट-स्मिथ नांवाच्या संगीत-प्रकाशकांनीं अपोलो कंपनीवर दावा लावला. तो अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९०८ सालीं प्रकाशक हरले. न्यायालयाचें म्हणणें असें पडलें कीं, प्रत म्हणजे मनुष्याला डोळ्यांनीं वाचतां येईल असें लेखन. भोंकांचा कागद कोणी वाचीत नाहीं, तो यंत्राचा एक भाग आहे, सबब ती प्रत नव्हे. न्यायमूर्ति होम्स यांनीं पूर्वींच्या निर्णयांना मान देऊन निकालाला संमति दिली. पण ज्या साधनानें तेच स्वर त्याच क्रमानें पुन्हां उमटतात तें साधन तत्त्वतः प्रतच मानलें पाहिजे, आणि कायद्याची व्याप्ति अपुरी असेल तर ती विधिमंडळानें वाढवावी, असें त्यांनीं स्वतंत्रपणें नोंदवून ठेविलें.

या काळांत रचनाकारांच्या बाजूनें सर्वांत मोठा आवाज उठविला तो जॉन फिलिप सूसा यांनीं. सूसा हे अमेरिकेंतील नामांकित बँडप्रमुख आणि संचलनगीतांचे रचनाकार. १९०६ सालीं त्यांनीं 'यांत्रिक संगीताचा धोका' अशा अर्थाच्या मथळ्याचा लेख लिहिला आणि विधिमंडळाच्या समितीपुढें साक्षही दिली. घरोघर यंत्रें वाजूं लागलीं कीं तरुण माणसें स्वतः गाणें सोडून देतील, मुलांना वाद्य शिकण्याचे कष्ट घ्यावेसे वाटणार नाहींत आणि अखेरीस मनुष्याचा कंठच निकामी होईल, अशी भीति त्यांनीं बोलून दाखविली. विशेष हें कीं, त्यांच्याच बँडच्या नांवानें ग्रामोफोनच्या तबकड्या बाजारांत होत्या. त्यांची खरी तक्रार यंत्राविरुद्ध होती त्याहून अधिक फुकटेपणाविरुद्ध होती. माझ्या रचनेवर यंत्रवाला श्रीमंत होतो, तर त्यांत माझा वांटा कां नसावा, एवढेंच त्यांना विचारावयाचें होतें.

१९०९ च्या अमेरिकन कायद्यानें जो तोडगा काढला तो या सर्व इतिहासांतील मोठा महत्त्वाचा टप्पा आहे. विधिमंडळापुढें दोन्हीकडून पेंच होता. रचनाकाराला कांहींच दिलें नाहीं तर अन्याय. आणि नाकारण्याचा पूर्ण हक्क दिला तर एओलियन नांवाची बडी कंपनी, जिनें आधींच अनेक प्रकाशकांशीं करार करून ठेविले होते, ती सारा बाजार गिळून बसेल ही भीति. म्हणून असें ठरलें कीं, रचनाकारानें एकदां आपली रचना यंत्रासाठीं दिली म्हणजे पुढें ती कोणालाही वापरतां यावी; मात्र त्यानें प्रत्येक प्रतीमागें दोन सेंट रचनाकाराला दिलेच पाहिजेत. यंत्र बंद केलें नाहीं आणि गाणें फुकटही ठेविलें नाहीं. परवानगी सक्तीची केली आणि मोबदलाही सक्तीचा केला. हेंच तत्त्व १९११ च्या इंग्रजी कायद्यांत आणि त्यावरून १९१४ मध्यें हिंदुस्थानच्या कायद्यांत उतरलें. पण दोन सेंटांचा तो दर अमेरिकेंत १९७८ पर्यंत तसाच राहिला हेंही विसरतां कामा नये. मधल्या जवळजवळ सत्तर वर्षांत पावाची किंमत किती पटींनीं वाढली असेल याची कल्पना कोणत्याही गृहिणीला करतां येईल.

या वादांत एक व्यक्ति मात्र सर्वांच्या नजरेआड राहिली होती, ती म्हणजे प्रत्यक्ष गाणारी. १९०२ सालच्या नोव्हेंबरांत फ्रेड गायसबर्ग यांनीं कलकत्त्यास गौहरजान यांच्या गाण्याच्या तबकड्या घेतल्या. गाणें संपतां संपतां त्या इंग्रजींत आपलें नांव उच्चारीत, तें आजही त्या तबकड्यांवर ऐकूं येतें. तबकड्या छापल्या जात जर्मनींत हॅनोव्हर येथें; तेथील कारागिरांना गायिका कोण हें कळावें म्हणून ही योजना असे. गौहरजान यांनीं त्या काळीं मोठी बिदागी घेतली. परंतु एकदां बिदागी घेतली कीं त्या आवाजावर कायद्यानें त्यांचा कोणताही हक्क नव्हता. कवीचा होता, रचनाकाराचा होता, तबकडीच्या कंपनीचा होता, गळ्याचा नव्हता. भारतीय कायद्यांत कलावंताचा स्वतंत्र हक्क उमटला तो १९९४ च्या दुरुस्तीनें, म्हणजे त्या तबकडीनंतर ९२ वर्षांनीं. मध्यंतरीं १९७७ मध्यें संगीताच्या हक्काविषयींचा एक खटला आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढें आला असतां न्यायमूर्ति कृष्ण अय्यर यांनीं गायकावरील या अन्यायाकडे मुद्दाम लक्ष वेधलें होतें.

ज्या नभोवाणीवरून मी बोलतों आहें तीही या आरोपांतून सुटलेली नाहीं. अमेरिकेंत रचनाकारांच्या संस्थेनें नभोवाणी केंद्रांकडे वाढीव शुल्क मागितलें, तेव्हां केंद्रांनीं १ जानेवारी १९४१ पासून त्या संस्थेचें एकही गाणें न वाजविण्याचें ठरविलें. सुमारें दहा महिने तेथील श्रोत्यांना जुनीं, हक्काची मुदत संपलेलीं गाणीं ऐकावीं लागलीं. पुढच्याच वर्षीं, १ ऑगस्ट १९४२ पासून, वादकांच्या संघानें ध्वनिमुद्रणावर बहिष्कार टाकला. तबकड्या वाजूं लागल्यामुळें प्रत्यक्ष वाजविणाऱ्यांची पोटें मारलीं जातात ही त्यांची तक्रार होती. मोठ्या कंपन्या १९४४ च्या नोव्हेंबरपर्यंत हटून बसल्या. शेवटीं प्रत्येक तबकडीमागें कांहीं रक्कम वादकांच्या निधींत भरण्याचें त्यांना मान्य करावें लागलें.

यानंतर प्रत काढण्याचें साधन कारखान्यांतून निघून आपल्या घरांत आलें. फिलिप्स कंपनीनें १९६३ सालीं लहानशी कॅसेट बाजारांत आणली. पश्चिम जर्मनीनें १९६५ च्या कायद्यानें ध्वनिमुद्रण-यंत्राच्या किंमतींतच रचनाकारांचा वांटा घालून ठेविला. घरोघर पहारा बसविणें शक्य नाहीं, हें ओळखून केलेली ती सोय होती. इंग्लंडांत मात्र १९८१ च्या सुमारास घरांतील ध्वनिमुद्रणामुळें संगीत मरत आहे अशी जाहिरात कंपन्यांनीं चालविली. संगीत कांहीं मेलें नाहीं.

या बाबतींत मीही निर्दोष नाहीं. माझ्या तरुणपणीं आमच्या घराजवळ एक दुकान होतें. आवडत्या गाण्यांची यादी आणि कोरी फीत नेऊन दिली कीं दुकानदार आपल्या संग्रहांतून तीं गाणीं तिच्यावर उतरून देई. चार दिवसांनीं फीत आणावयास जातांना जो आनंद होई तो अजून आठवतो. फितीचे पैसे मीं दिले, दुकानदाराच्या मेहनतीचे दिले. ज्यांनीं तीं गाणीं लिहिलीं, चालीं लावल्या आणि गायिलीं, त्यांचा विचार माझ्या मनांत एकदांही आला नाहीं. माझ्या ओळखीच्या कोणाच्याच मनांत आला नसावा. आणि हेंही खरें कीं, त्या फितीवांचून त्यांतील निम्मीं गाणीं मला कधीं ऐकावयासच मिळालीं नसतीं. त्यांच्या तबकड्या विकत घेण्याची आमची ऐपत नव्हती.

संगणकानें याच व्यवहाराला अफाट रूप दिलें. जर्मनींतील फ्राउनहोफर संस्थेंत कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग आदि संशोधकांनीं एक युक्ति शोधून काढली. ध्वनींतील जो भाग मानवी कानाला तसाही जाणवत नाहीं तो गाळून टाकला तर गाण्याची नोंद दहाव्या हिश्श्याच्या आसपास आणतां येते. या लहान केलेल्या नोंदीला १९९५ पासून 'एमपी-थ्री' हें नांव मिळालें. मग १९९९ च्या जून महिन्यांत शॉन फॅनिंग या महाविद्यालय सोडून आलेल्या तरुणानें 'नॅप्स्टर' सुरू केलें. नॅप्स्टरच्या कोठारांत एकही गाणें नव्हतें. कोणाच्या संगणकांत कोणतें गाणें आहे याची सूचि तेवढी तेथें असे. गाणें एका घरांतून दुसऱ्या घरांत थेट जाई. माझ्या तरुणपणच्या दुकानदाराचा संग्रह दोन-तीनशें तबकड्यांचा असेल. येथें दोन कोटींहून अधिक माणसांनीं आपले संग्रह एकमेकांना उघडे करून दिले.

१९९९ च्या डिसेंबरांत ध्वनिमुद्रण कंपन्यांनीं दावा लावला. पुढच्या वसंत ऋतूंत 'मेटॅलिका' या वाद्यवृंदानेंही लावला. त्यांचें एक गाणें पुरें होण्यापूर्वींच बाहेर फुटलें होतें. वृंदाचे ढोलवादक लार्स उल्रिख तीन लाखांहून अधिक वापरणाऱ्यांच्या नांवांचे गठ्ठे घेऊन नॅप्स्टरच्या कचेरींत गेले. त्यांच्याच चाहत्यांनीं त्यांच्यावर लोभीपणाचा आरोप केला. उलट त्याच वर्षीं गायिका कोर्टनी लव्ह यांनीं एका भाषणांत हिशेबच मांडून दाखविला, कीं कंपनीनें दिलेली आगाऊ रक्कम, ध्वनिमुद्रणाचा व जाहिरातीचा खर्च हें सारें कलावंताच्या वांट्यांतून वळतें झाल्यावर दहा लाख प्रती खपूनही त्याच्या हातीं कांहीं उरत नाहीं. तेव्हां खरी लूट कोठें चालली आहे तें पाहा. दोघेही कलावंतच, आणि दोघांच्याही बोलण्यांत तथ्य होतें. एकाला ऐकणाऱ्यांनीं विचारल्यावांचून घेतलें याचा राग होता. दुसरीला विकणाऱ्यांनीं हिशेबांतून घेतलें याचा.

न्यायमूर्ति मेरिलिन हॉल पटेल यांनीं जुलै २००० मध्यें नॅप्स्टरविरुद्ध मनाईहुकूम दिला. २००१ च्या फेब्रुवारींत वरिष्ठ न्यायालयानें तो मुख्यतः उचलून धरला आणि जुलैंत नॅप्स्टर बंद पडलें. पण त्याच्या जागीं दहा निघालीं, आणि त्यांना मध्यवर्ती सूचीचीही जरुरी नव्हती. तेव्हां कंपन्यांनीं आपला मोर्चा सामान्य माणसांकडे वळविला. २००३ च्या सप्टेंबरांत एकदम २६१ व्यक्तींवर दावे झाले. त्यांत न्यूयॉर्कची एक बारा वर्षांची मुलगी निघाली, आणि तिच्या घरच्यांनीं २००० डॉलर देऊन तडजोड केली. पुढें एका स्त्रीवर २४ गाण्यांबद्दल २००७ सालीं २ लाख २२ हजार डॉलरांचा आणि फेरसुनावणींत २००९ सालीं १९ लाख २० हजार डॉलरांचा बोजा ज्यूरीनें बसविला. अखेरीस अपील-न्यायालयानें पहिलीच रक्कम कायम केली. कायद्याचें पुस्तक पाहतां हें सारें त्यांत बसत असेल. पण ज्या शिक्षेचें अपराधाशीं प्रमाण सामान्य माणसाला पटत नाहीं ती शिक्षा कायद्याचाच मान कमी करते. २००८ अखेर कंपन्यांनीं असे सरसकट दावे थांबविले.

या देवाणघेवाणीनें नुकसान किती झालें याविषयीं अर्थशास्त्रज्ञांतही एकमत झालें नाहीं. ओबरहोल्झर-गी आणि स्ट्रम्फ यांनीं २००७ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत विक्रीवरील परिणाम जवळजवळ शून्य ठरविला. लीबोविट्झ यांनीं उलट, घट मुख्यतः याच कारणानें झाली असें प्रतिपादन केलें. एवढें निश्चित कीं, १९९९ च्या सुमारास शिखराला पोहोंचलेलें ध्वनिमुद्रणाचें जागतिक उत्पन्न पुढें पंधरा वर्षें घसरत गेलें.

घसरण थांबली ती खटल्यांनीं नव्हे, तर सोयीनें. २००३ च्या एप्रिलांत ॲपल कंपनीनें ९९ सेंटांना एक गाणें विकण्यास आरंभ केला. २००८ मध्यें स्वीडनमध्यें 'स्पॉटिफाय' सुरू झालें. ज्या देशांत फुकट देवाणघेवाणीचा पुरस्कार करणारा राजकीय पक्ष निघाला होता, त्याच देशांत मासिक वर्गणी भरून हवें तें गाणें ऐकण्याची ही सोय उभी राहिली. २०१५ पासून उत्पन्न पुन्हां वाढूं लागलें. म्हणजे पियानोच्या गुंडाळीचें जें झालें तेंच पुन्हां झालें. यंत्र राहिलें, बंदी गेली, मोबदला ठरला.

मोबदला ठरला खरा. पण कोणाला आणि किती? गोळा झालेल्या रकमेची वांटणी ज्याचें गाणें जितक्या वेळां वाजलें त्या प्रमाणांत होते, आणि ती प्रथम हक्कधारक कंपन्यांकडे जाते. कलावंताच्या हातीं त्याच्या कराराप्रमाणें येईल तें. एका वेळेच्या ऐकण्याचा मोबदला म्हणजे सेंटाचाही लहानसा अंश. २०२४ पासून तर वर्षभरांत १००० पेक्षां कमी वेळां ऐकल्या गेलेल्या गाण्याला स्पॉटिफायवर ध्वनिमुद्रणाचा वांटाच मिळेनासा झाला. ज्यांचे श्रोते कोट्यवधि त्यांचें ठीक चालतें; अप्रसिद्ध गायकाला मात्र हा हिशेब समजून घेणेंही कठीण झालें आहे.

आपल्या देशांतील या वांटणीचा इतिहास तर चित्रपटसंगीताशीं निगडित आहे. १९६० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत लता मंगेशकर यांनीं पार्श्वगायकांनाही स्वामित्वधनाचा वांटा मिळावा असा आग्रह धरला. महंमद रफी यांचें मत असें कीं, ठरलेलें मानधन घेतलें कीं गायकाचा हक्क संपला. दोघांनीं कित्येक वर्षें एकत्र गाणें सोडलें, हें सर्वांना ठाऊक आहे. या मतभेदांत लोभ आणि निर्लोभ यांची लढाई पाहणें बरोबर नव्हे. एकीकडे दिलेल्या शब्दाची चाड होती. दुसरीकडे असा विचार होता, कीं जें गाणें पन्नास वर्षें वाजत राहणार त्याची किंमत एका दिवसाच्या मजुरीवर कशी ठरवावी? पुढें कॅसेटच्या काळांत जुनीं गाणीं नव्या गळ्यांतून गाऊन घेऊन स्वस्तांत विकण्याचा मोठा धंदा उभा राहिला, तोही १९०९ च्या सक्तीच्या परवान्याचाच वंशज. गीतकार व संगीतकार यांना मात्र सारे हक्क निर्मात्याला एकरकमी लिहून द्यावे लागत. २०१२ च्या मे महिन्यांत संसदेनें कायदा दुरुस्त केला. त्यासाठीं राज्यसभेंत कवि जावेद अख्तर यांनीं मोठी खटपट केली होती. चित्रपटगृहाबाहेर गाणें वाजेल तेथील स्वामित्वधनांत गीतकार आणि संगीतकार यांचा समान वांटा राहील, आणि तो वांटा त्यांनीं स्वतः लिहून दिला तरी तो करार चालणार नाहीं, असें आतां ठरलें आहे. गरजू मनुष्य कागदावर काय लिहून देतो हें जाणूनच केलेली ही तरतूद आहे.

या सर्व इतिहासावरून मला जें दिसतें तें असें. नवें यंत्र बंद पाडण्याचा प्रयत्न कोठेंही फार काळ टिकला नाहीं, आणि सर्व कांहीं फुकट ही स्थितीही टिकली नाहीं. दोहोंच्या मध्यें दर वेळीं तोडगा निघाला. परंतु त्या तोडग्यांत कलावंताचा वांटा आपोआप आला असें एकदांही झालेलें नाहीं. तो मागावा लागला, बहुधा एकत्र येऊन मागावा लागला, आणि उशिरां मिळाला. आतां संगणक स्वतःच हुबेहूब माणसासारखा आवाज काढून गाऊं लागला आहे, आणि तें शिकण्यासाठीं त्यानें हजारों गायकांचीं गाणीं ऐकलेलीं आहेत. त्या ऐकण्याचें मोल कोणी द्यावयाचें यावरून पुन्हां न्यायालयांत दावे उभे राहिले आहेत. बूर्झे यांचा प्रश्न अजून संपलेला नाहीं.

त्या दुकानांतून भरून आणलेली एक फीत माझ्यापाशीं अजून आहे. ती वाजविण्याचें यंत्र आतां घरांत नाहीं. तिच्या डबीवर माझ्याच अक्षरांत बारा गाण्यांचे आरंभींचे शब्द लिहिलेले आहेत आणि प्रत्येकापुढें गायकाचें नांव आहे. गीतकाराचें किंवा संगीतकाराचें नांव एकाही गाण्यापुढें नाहीं. हें भाषण लिहावयास घेतलें तेव्हां तीं नांवें शोधून भरण्याचें मीं मनाशीं ठरविलें. आजवर बारापैकीं नऊ गाण्यांचीं भरलीं आहेत. तिघांचा शोध चालू आहे.